शेजारच्या सीटचा लाल दिवा

गाडीच्या मीटरमधल्या त्या दिव्यावरचं चित्र असं होतं: एक बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात मोठा गोळा. गाडी सुरू केली की तो लाल पेटतो आणि काही क्षणांत विझतो. त्या संध्याकाळी अंबडहून जालन्याला परतताना तो मध्येच पेटला आणि घरापर्यंत विझलाच नाही. शेजारी सासरे बसले होते. त्यांनी पाहिला नसता, तर मी त्यांना सांगितलंही नसतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांची सगळी नोकरी धरणाच्या दरवाजांवर गेली, त्यामुळे जे जे बंद आहे ते कधीतरी नको त्या वेळी उघडणार, अशी त्यांची खात्रीच आहे. नवरा पुण्याला नोकरीला. मी अंबडच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवते. गाडी माझ्या पगारातून घेतलेली, चालवतेही मीच, पण एकटीनं चालवायची नाही हा घरचा नियम. मामा रोज माझ्याबरोबर यायचे, मी शिकवत असेपर्यंत ओळखीच्या खताच्या दुकानात बसायचे आणि माझ्याबरोबर परत निघायचे. कॉलेजातली पोरं विचारायची, "मॅडम, आजोबा रोज सोडायला येतात का?" मी हसायचे आणि आतल्या आत दातओठ खायचे.

दिवा पेटला आणि तेही संपलं. "तो फुगा आपोआप फुटंल तुझ्या तोंडावर," मामा म्हणाले. "गाडी बिलकुल काढायची न्हाई." चावी त्यांनी देवघरात नेऊन ठेवली. दिवा लागला म्हणजे अपघातात एअरबॅगचा फुगा उघडणार नाही एवढाच बहुतेक अर्थ असतो, आपोआप फुटत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. भिंतीशी बोलल्यासारखं झालं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा म्हणतायत तर राहू दे ना थोडे दिवस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंग सुरू झाली बस. ती चुकली की जीप, आणि जीपमध्ये दोन जणांच्या मध्ये गुडघे मिटून बसायचं. खिडकीतून आमच्याच रंगाची गाडी दिसली की मी मान वळवायचे. आधी शेजारी एक माणूस होता म्हणून मी अडकले होते, आता एक दिवा होता म्हणून. त्या घरात माझी म्हणावी अशी एकच वस्तू होती आणि ती दारात धूळ खात उभी होती.

शेवटी एका रविवारी गॅरेजला न्यायला मामा तयार झाले, अर्थात स्वतः शेजारी बसून. मेकॅनिकनं स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं. बिघाडाचा कोड निघाला तो शेजारच्या सीटमधल्या एअरबॅगचा, तिथपर्यंत करंटच बराबर पोचत नव्हता. त्यानं कोड पुसला, दिवा विझला, माझा जीव भांड्यात पडला. मामा आत बसले, दुखरा गुडघा लांब करायला सीट मागे सरकवली आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत दिवा पुन्हा हजर.

मामा वैतागून समोरच्या टपरीवर चहाला गेले. मेकॅनिक हळूच म्हणाला, "म्याडम, मीटर खोलून दिवाच बंद करू का? कटकटच न्हाई. लई जण तसंच करून राह्यले."

खोटं कशाला सांगू, मला मोह पडला. दिवा गेला की चावी माझी. मामांना कळलंही नसतं. मी रिकाम्या सीटकडे पाहिलं. उद्या काही झालं तर माझ्यापुढचा फुगा उघडेल आणि तिथे बसलेल्याच्या बाजूचा उघडणार नाही. मामांचा राग मला खूप येत होता, पण इतका नाही.

"दोषच शोधा," मी म्हणाले.

त्यानं बॅटरी काढली, जरा वेळ जाऊ दिला. लगेच हात घातला तर फुगा उघडू शकतो, म्हणाला. मामा चहा संपवून परत आले तोवर तो टॉर्च घेऊन सीटखाली वाकला होता. एकदम त्यानं हात मागे घेतला.

"काका, हे तुम्हीच काढा. पूजेचं हाय."

मामा दुखऱ्या गुडघ्यावर टेकले आणि लाल कापडात बांधलेला नारळ बाहेर काढला. नवी गाडी जांब समर्थला देवदर्शनाला नेली होती तेव्हाचा. कुणाचा पाय लागू नये म्हणून मामांनी तो सीटखाली पार आत सरकवला होता. सीट मागे गेली की नारळ वायरीवर रेटायचा, आणि रेटून रेटून तिचा पिवळा प्लग अर्धा निसटला होता. मेकॅनिकनं प्लग घट्ट बसवला, वायर बांधली, बॅटरी जोडून कोड पुसला. सीट पुढे-मागे करून पाहिली. दिवा विझलेलाच राहिला.

"तुझ्यासाठीच ठेवल्ता," मामा एवढंच बोलले.

सोमवारी त्यांनी चावी दिली आणि पिशवी घेऊन शेजारी येऊन बसले. पट्टा लावला. मी गाडी सुरू केली. दिवा पेटला, विझला. मी गिअर टाकला नाही.

"मामा, उतरा."

"का? आता काय बिघडलं?"

"काहीच न्हाई बिघडलं. म्हणूनच म्हणते."

 ते चावीला हात घालतील असं वाटलं. पण त्यांनी पट्टा काढला, दुखरा पाय आधी बाहेर ठेवत उतरले. मंग पिशवीतून तो नारळ काढून सीटवर ठेवला, त्याच्याभोवती पट्टा ओढून खटका लावला, नीट बसला का ते ओढून पाहिलं.

"हळू जा," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

एकटीनं जाण्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण सोबत रडू आलं आणि त्या रडण्याचा मला भयंकर राग आला. अंबड चौफुलीच्या वळणावर नारळ कलंडला, आणि माझा डावा हात आपोआप त्याला धरायला गेला.