ट्वेल्व्ह-फॉर्टीपासून

माझ्याकडे चपात्या करायला येणारी मुलगी लातूरकडची. नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, दोन वर्षांची लेक दिवसभर शेजारणीकडे. एके सकाळी पीठ मळता मळता म्हणाली, "बाई, सर्जापूर रोडच्या डे-केअरमधी कामाला बाया घ्यायलेत. लेकीला संगं ठेवू देतेत म्हणं. पण टाइम इंग्लिशमधी सांगावं लागतंय."

डे-केअर म्हणजे पाळणाघर. न्यायला येणारे आईबाप कुणी बंगाली, कुणी मल्याळी. बाळ कधी जेवलं, कधी झोपलं, औषध कधी दिलं, हे त्यांना इंग्रजीतच सांगायचं. आधी एक दिवस काम करून दाखवायचं, जमलं तर नोकरी.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात, बोलण्यात निम्मं कन्नड. माझ्या मराठीला पुण्याचे लोक हसतात, पण इंग्रजीला हसायची कुणाची छाती नाही. माळ्यावरून शाळेतलं पुठ्ठ्याचं घड्याळ काढलं. क्वार्टर पास्ट, हाफ पास्ट, क्वार्टर टू. चार दिवसांत पोरीनं सगळं तोंडपाठ केलं आणि मी भलतीच खूश झाले.

सोमवारी ती गेली आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आली. एका आईनं विचारलं होतं, बाळ कधी झोपलं? हिला ते पक्कं ठाऊक होतं. पाण्याचा टँकर आला तेव्हा झोपलं, टँकर गेल्यावर उठलं. पण तेव्हा किती वाजले होते ते हिनं पाहिलंच नव्हतं. तिचा दिवस कुकरच्या शिट्टीवर आणि भाजीवाल्याच्या हाकेवर चालायचा, घड्याळाशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. मॅनेजरबाईंनी पुढच्या सोमवारी आणखी एकदा बोलावलं, शेवटचं.

"राहू द्या बाई, माझ्यानं होत नाही."

मला संताप आला, पण तिचा नव्हे, माझाच. चार दिवस पुठ्ठ्याचे काटे फिरवत बसले होते आणि भिंतीवरचं घड्याळ तिला एकदाही दाखवलं नव्हतं. म्हटलं, "सरी, ठीक आहे, रडून काय होतंय? लेक संगं पाहिजे ना? मग उठ."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला श्वास घेऊ दिला नाही. पहिली चपाती किती वाजता? "सेव्हन-टेन." डाळ कधी चढवलीस? शेजारचं कुत्रं कधी भुंकलं? ती वैतागायची, पण उत्तर द्यायची. दुपारी मी स्वतः त्या डे-केअरच्या फाटकाशी जाऊन बसायची, लोक बोलतात कसं ते ऐकायला. "कूत्कोळ्ळी अक्का," म्हणत वॉचमननं खुर्ची दिली. आठवडाभरात हाफ पास्ट कुणाच्याही तोंडून ऐकलं नाही. सगळे म्हणायचे टू-थर्टी, जस्ट नाऊ, टेन मिनिट्स बॅक. या शेवटच्यावर तर मी जन्मभर लाल रेघ ओढली होती. घरी येऊन तेच तिला शिकवलं, मुकाट्यानं.

दुसरा सोमवार. मी खुर्चीत. चारच्या सुमाराला एक आई गाडीतून उतरून धावतच आली. बाळाला ताप चढला म्हणून दुपारी फोन गेला होता, पण हेब्बाळहून ट्रॅफिकमधून यायला तिला अडीच तास लागले होते. आमची पोरगी बाळाला खांद्यावर घेऊन फाटकात आली. मॅनेजरबाई मागे उभ्या.

"सिन्स व्हेन?" आईनं विचारलं.

"ट्वेल्व्ह-फॉर्टी, मॅडम. मेडिसिन, वन-थर्टी. स्लीप, वन-फिफ्टी. वेकअप, टेन मिनिट्स बॅक." एवढं घडाघडा सांगून ती थांबली. मग मी कधीच न शिकवलेलं बोलली. "ट्वेल्व्ह-फॉर्टी टू नाऊ, आय नो पुट डाउन."

आईनं बाळाला घ्यायला हात पुढे केले होते, ते हिच्या दंडावर टेकले आणि तिला रडू फुटलं. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं पुष्कळ होतं. पण माझेही डोळे भरून आले होते आणि लाल पेन त्या क्षणी कुणी हातात दिलं असतं, तर मी गटारात फेकलं असतं.

अर्ध्या तासानं ती आतून फाटकाशी माझ्याकडे पळत आली. खांद्याशी ब्लाउज घामानं आणि बाळाच्या लाळेनं भिजलेला.

"बाई, उद्या लेकीला घेऊन नाइन शार्प ये म्हणाल्या. हे शार्प काय असतंय? तुम्ही शिकवलंच नाही."

"म्हणजे," मी म्हटलं, "उद्यापासून माझ्या चपात्या मीच लाटायच्या."