शेपूट दिसेपर्यंत

आमचे शेपूटमास्तर कुणाला इंग्रजी शब्दाचा अर्थ कधी सांगत नसत. विचारलाच, तर डोक्यावरची काळी टोपी काढायचे, "टेक ऑफ" म्हणायचे. पुन्हा घालायचे, "पुट ऑन" म्हणायचे. मग तोंडातली विडी भिंतीवर विझवून "पुट आउट" आणि वर, "आता अर्थ तू सांग. मला कशाला विचारतोस, प्रसंगाला विचार."

पिंपरीला तेव्हा कारखाने नुकतेच उभे राहत होते. एका कारखान्याच्या कचेरीत मी टेलिफोनवर निरोप घ्यायच्या कामाला लागलो. चिखलीहून सायकल मारत यायचो. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला झालेला, त्यामुळे इंग्रजीची ओळख इतरांपेक्षा तिप्पट दांडगी, असं मी समजत होतो. मोठा साहेब विलायतेचा. सहा महिने त्याला माझं काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर परत वडिलांच्या ज्वारीत. मास्तर तिथं भांडारप्रमुख होते. आधी वीस वर्षं लष्कराच्या डेपोत गोऱ्या साहेबांच्या हाताखाली कारकुनी करून आलेले.

"इंग्रजी क्रियापद म्हणजे बैल," ते सांगायचे. "पुट, टेक, लुक, सगळी एका रंगाची जनावरं. ऑन, ऑफ, आउट ही शेपटं. शेपटावरून जनावर ओळखायचं. साहेब बोलायला लागला की शेपूट दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही."

हे मी घरी मोठ्या ऐटीत सांगितलं. वडील म्हणाले, "बैलाच्या शेपटामागं उभं राहून काय मिळतंय, ते आमाला ठावं हाय."

मिळायला वेळ लागला नाही. एकदा साहेबानं आपला कुत्रा माझ्या टेबलाला बांधला आणि "लुक आफ्टर हिम" म्हणून निघून गेला. मी शेपूट नीट पाहिलं. आफ्टर म्हणजे नंतर. म्हणजे याच्याकडे नंतर बघ. मी शांतपणे जेवायला गेलो. नंतर बघायला आलो तेव्हा कुत्र्यानं साखळी सोडवून बॉयलरवाल्या धोंडिबाच्या भाकरीचा समाचार घेतला होता. धोंडिबा दोन दिवस मला "काय राव, नंतर जेवू का?" असं विचारत होता. मास्तरांनी मात्र हसून वहीत एक ओळ लिहायला लावली: 'मी कुत्र्याकडे बघितलं असतं, तर धोंडिबाची भाकरी राहिली असती.' "बस," म्हणाले, "आता जन्मात विसरणार नाहीस."

सहावा महिना चालू होता. साहेब पुण्याला गेलेला. तिथून त्याचा फोन आला. तारेत खरखर. मला ऐकू आलं ते असं: "पुट ऑफ द बॉयलर. इन्स्पेक्शन." कचेरीत प्रत्येक बटणाखाली पाटी होती, 'पुट ऑफ द लाइट', 'पुट ऑफ द फॅन'. प्रसंग स्वच्छ होता. तपासणीला बॉयलर थंड लागतो, हे तर धोंडिबालाही माहीत. मी धावत गेलो आणि धोंडिबाला भट्टीतला विस्तव बाहेर ओढायला लावला.

"लेखी आहे का काही?" धोंडिबानं विचारलं.

"साहेबाच्या तोंडचं आहे," मी म्हणालो.

दुपारी साहेब आला तेव्हा कारखाना चिडीचूप. 'पुट ऑफ' म्हणजे त्याला बॉयलरची तपासणी सोमवारवर ढकलायची होती. एवढंच. त्याचं वाक्य तारेत मधेच तुटलं होतं आणि मी शेपूट भलत्याच बैलाला लावलं होतं. साहेबानं मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. हे वाक्य मला पहिल्या फटक्यात कळलं.

मास्तर भांडारातून आले. साहेबाला हात जोडून भिंतीपाशी घेऊन गेले आणि पाटीवर बोट ठेवलं. "सर, हा पोरगा पुस्तकातून शिकत नाही. मी त्याला सांगितलंय, जे आजूबाजूला दिसेल त्यातून शिक. त्याला हे दिसलं. चूक धरायची तर माझी धरा."

साहेब बराच वेळ पाटी वाचत राहिला. शेवटी म्हणाला, आणखी तीन महिने बघू. आणि त्या पाट्या काढून 'स्विच ऑफ' असं नव्यानं लिहायचं काम माझ्यावरच टाकलं. एकवीस पाट्या. अक्षर सुधारलं.

तीन महिन्यांनी कायमचं पत्र हातात पडलं, त्याच आठवड्यात मास्तर नोकरी सोडून साताऱ्याकडं मुलाकडे निघाले. डोळ्यांना भांडारातले आकडे दिसेनासे झाले होते. चिंचवड स्टेशनवर मी त्यांची वळकटी घेऊन गेलो आणि पत्र दाखवलं. ते त्यांनी डोळ्यांशी धरलं आणि मग मलाच वाचायला दिलं. 'टेकन ऑन', म्हणजे कामावर घेतलं, असं होतं.

"शेपूट ऑनच आहे ना? नीट बघ. तुझा भरवसा नाही."

"ऑनच आहे, मास्तर."

गाडी आली. ते खिडकीशी बसले. मला एकदम आठवलं. "मास्तर, 'सी ऑफ' राहिलं. दोनदा विचारलं, तुम्ही म्हणालात त्याला प्रसंग लागतो."

"मग आता काय चाललंय?" मास्तर म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "फक्त आज नियम उलटा. शेपूट दिसेनासं होईपर्यंत जागचं हलायचं नाही."

गाडी हलली. शेवटचा डबा पुण्याच्या दिशेला बारीक होत गेला. मी हललो नाही.