लाथेनंतरचा नमस्कार

हे लिहावे की नाही, याचा विचार करण्यातच माझी काही वर्षे गेली. मी तंजावूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असे. घरी आम्ही पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आलो; परंतु देवनागरी लिहायला मी चाळिशी उलटल्यावर शिकलो. तेव्हा एखादे वाक्य अडखळले, तर वाचकांनी क्षमा करावी. दुसऱ्या कोणी लिहिले असते, तर मी हे धाडस केले नसते. पण ज्या लढतींविषयी सांगायचे आहे, त्या पाहणारा आमच्या गल्लीतला माणूस मी एकटाच होतो.

त्या लढती लढणाऱ्या तरुणाला प्रथम पाहताना तुम्हालाही हसू आले असते. भातगिरणीच्या मागच्या खळ्यात आंब्याच्या फांदीला तुसाने गच्च भरलेले पोते टांगलेले असे. तो त्याला अशी लाथ मारी की फांदी करकरे. आणि दुसऱ्याच क्षणी तो वाकून पोत्याला बोटे लावी, ती डोळ्यांना टेकवी आणि पुटपुटे, "अपचार, अपचार."

"अरे, पोत्याची कसली क्षमा मागतोस?" मी विचारले.

"यात तांदूळ होता की, सार." आमच्याकडे 'सर'चे 'सार' होते.

पाय लागला तर नमस्कार करावा, हे आपल्या घरांत मूल नीट चालू लागण्याआधी शिकते. पुस्तकाला, उंबऱ्याला, वाटेत झोपलेल्या माणसाला. आपण मोठे होतो आणि कधी करतो, कधी विसरतो. तो कधीच विसरला नाही. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तो दोन घरे सोडून राहत असे. वय सत्तावीस, नव्या दुचाकींच्या दुकानात तो मोपेड विकीत असे. त्या काळी गावात घरोघरी केबल आली होती, आणि कराटेच्या लाथा, ज्यूडोची फेक, कुस्तीची पकड हे सारे एकाच लढतीत चालते, असे सामने त्याने कुठल्याशा कॅसेटवर पाहिले होते. तसे सामने आमच्या जिल्ह्यांतही भरू लागले होते. तिरुचिरापल्लीहून दर रविवारी एक मास्टर येऊन खळ्यात चारपाच जणांना शिकवीत. पाठदुखीवर व्यायाम हवा म्हणून मीही त्यांत सामील झालो. माझ्याकडून फारसे काही झाले नाही. सामन्याच्या वेळी त्याच्या कोपऱ्यात पाणी आणि टॉवेल घेऊन बसण्याचे काम तेवढे मला मिळाले, आणि ते मी निष्ठेने केले.

कुंभकोणमच्या पहिल्या सामन्यात त्याची लाथ प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवर अचूक बसली. तो गडी लंगडला. आमचा वीर वाकला, त्याच्या गुडघ्याला हात लावला, आणि कानावर असा ठोसा खाल्ला की पुढचे त्याला काही आठवत नाही. पुदुक्कोट्टैला तेच झाले. नाकातून रक्त गळत असतानाही त्याचे ओठ "अपचार" म्हणत होते.

"डेय! हे काय देऊळ आहे?" मास्टर ओरडले. "तो तुला मारायला आला आहे, आशीर्वाद द्यायला नाही!"

"मी काय करूं, मास्टर? हात आपणच जातो."

मास्टरांनी उपाय केले. त्याचा उजवा हात टॉवेलने गळ्याशी बांधला. त्याने लाथ मारली आणि डाव्या हाताने नमस्कार केला. खळ्यातली सगळी मंडळी पोट धरून हसली, तोही हसला. मास्टर मात्र हसले नाहीत. "तिरुचिरापल्लीत जो जिंकेल तो मद्रासच्या मोठ्या सामन्याला जाईल," ते म्हणाले. "तिथे तुझा हात खाली गेला, तर पुन्हा माझ्याकडे यायचे नाही."

त्या दिवशी परतताना तो सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत आला. "सार, मला दुसरे काही नको. मद्रासच्या मंचावर पंचाने एकदा माझा हात वर करावा. मग जन्मभर मोपेड विकीन."

तिरुचिरापल्लीची लढत एका लग्नाच्या सभागृहात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाचे केळीचे खांब अजून दाराशी उभे होते. समोर रेल्वेतला एक फिटर होता, याच्याहून वीतभर उंच. पहिली फेरी फिटरने सहज घेतली. दुसऱ्या फेरीत आमच्या गड्याने त्याच्या मांडीवर लाथ हाणली, आणि त्याचा हात खाली निघालाच. तो वाकला. फिटर याच क्षणाची वाट पाहत असावा. त्याने सारे अंग झोकून ठोसा मारला. पण वाकलेल्याच्या डोक्यावरून तो रिकाम्या हवेत गेला. याची बोटे तेव्हा त्याच्या गुडघ्याला लागली होती. ती तिथेच मिटली. खांदा पोटात गेला, फिटर उचलला गेला आणि पाठीवर चटईवर आदळला. पुढे हाताला पीळ बसला आणि फिटरने तीन वेळा चटई थोपटली. थोपटणे म्हणजे हार मान्य करणे.

मास्टरांनी मला मिठी मारली. माझ्या हातातले पाणी आम्हा दोघांच्या अंगावर सांडले.

परतीच्या बसमध्ये मास्टर थांबेनात. "लाथ, वाकणे, पकड! मद्रासला हेच करायचे! अरे, दोन वर्षे मी या रत्नाला टॉवेलने बांधत होतो!"

तो खिडकीबाहेर पाहत होता. तंजावूरला उतरल्यावर, कॉफी घेताना, तो हळूच म्हणाला, "सार, आज हात क्षमा मागायलाच गेला होता. गुडघा हाती आला, म्हणून धरला. पुढच्या वेळी हात धरायलाच जाईल. मग अपचार म्हणूं तरी कसा?"

"मग वाकू नकोस."

"लाथ मारायची आणि वाकायचे नाही? ते मजकडून होत नाही."

मी शिक्षक माणूस. उत्तर द्यायची सवय असलेला. मी कॉफी संपवली.

मद्रासला त्याने तिन्ही फेऱ्यांत एकही लाथ मारली नाही. समोरचा मात्र सपासप मारीत होता. याच्या मांड्या पिकलेल्या जांभळासारख्या झाल्या. याने त्याला दोनदा सुंदर फेकले. नुसत्या हातांनी आणि खांद्यांनी तो शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिला. "लाथ! लाथ मार!" म्हणून मास्टरांचा घसा बसला. गुणांवर निकाल लागला आणि पंचाने दुसऱ्याचा हात वर केला.

तो लंगडत कोपऱ्यात आला. मी पाणी दिले. "फार दुखते का?"

"दुखते की," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा हसला. "पण सार, आज कुणाची क्षमा मागायची राहिली नाही."

परतीच्या गाडीत विळुप्पुरम स्थानक आले तेव्हा तो झोपला होता. मास्टर त्याच्याकडे पाहत मला म्हणाले, "मूर्ख आहे. पण माझा आहे." आणि आपली चादर त्याच्या पायांवर घातली. माझ्या विद्यार्थ्यांनी सुवर्णपदके आणली आहेत आणि त्या समारंभांत मी पहिल्या रांगेत बसलो आहे. पण त्या गाडीच्या लाकडी बाकावर मी जितका ताठ बसलो होतो, तितका अन्यत्र कुठेही नाही.

पुढच्या वर्षी होसूरच्या एका नव्या कारखान्याने त्याला नोकरी दिली, आणि त्याचे कुटुंबही तिकडे गेले. दोन मुली आहेत, असे ऐकतो. पत्र लिहिण्याची त्याला सवय नाही, आणि मलाही संकोच वाटतो. गल्लीतल्या कोणापाशी त्याची आठवण काढली तर ते म्हणतात, "कोण? तो मद्रासला हरून आलेला?" मी मान डोलावतो. वाद घालणे मला जमत नाही. म्हणून हे तुम्हाला विचारतो: जिंकण्याची युक्ती हाती होती, मद्रासचा मंच पायाखाली होता, त्याच्या जागी तुम्ही असता, तर लाथ मारली असती का?