काकांचा खोकला, आत्याचा आवाज

बसस्थानकावर काकांचा आवाज सगळ्यांच्या कानात मुरलेला. आधी "ख्खॉक!" असा एक खोकला, मग नाकातून निघणारं लांबलचक "प्रवाशांनी लक्ष द्याऽऽवं". काका निवृत्त झाले आणि माइकसमोर आत्या आली. एका कंडक्टरची ती आत्या, म्हणून मग सगळ्यांचीच आत्या!

साहेबांनी बजावलं, "लोकांना त्याच आवाजाची सवय आहे. तस्साच काढा. जमलं तर कायम, नाही तर नमस्कार."

आत्याने तो आवाज असा उचलला की खोकलासुद्धा सोडला नाही! काकांचा खोकला धुळीचा होता, हिचा नुसता भरतीचा. ड्रायव्हर चहा पिता पिता ओरडायचे, "आत्या, औषध घ्या औषध!" तिचा खरा आवाज घरी. तिसऱ्या मजल्यावरून तिने हाक मारली की गल्लीच्या टोकाला गप्पा ठोकणारा नवरा पिशवीसकट पळत सुटे.

नोकरीच्या निकालाचा दिवस उजाडला. साहेब तिच्या पाठीमागे हाताची घडी घालून उभे. आणि काचेपलीकडे बाकावर कोण? साक्षात काका! मांडीवर झबल्या-टोपड्यांची पिशवी. "आजोबा झालो, नातीला बघायला चाललोय," असं भेटेल त्याला सांगून झालेलं. गाडी पुलापलीकडची, आजची शेवटची.

"ख्खॉक! प्रवाशांनी लक्ष द्याऽऽवं, पुलापलीकडे जाणारी गाडी सुटत आहे."

काका खूश होऊन मान डोलवू लागले. उठेनात! आत्याने पुन्हा पुकारलं. काकांनी चक्क पाय लांब केले. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! जन्मभर हे शब्द बोलून झाले की हा माणूस निवांत टेकून बसत आलाय. स्वतःच्या आवाजावर तो उठेल कसा?

गाडी हलली. मागे साहेब, पुढे काका. गेली नोकरी खड्ड्यात!

"अहो काकाऽऽ! उठा की! नात काय तिथून चालत येणार आहे? पळाऽऽ!"

अख्खं स्थानक उठलं! डुलक्या घेणारे काका, पेपरवाले काका, भलत्याच गाडीचे काका, सगळे धावत सुटले. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. खरे काका पिशवी सावरत पायरीवर चढले आणि वळून ओरडले, "हा कुठे दडवला होतास गं आवाज?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आत्या, मीसुद्धा पळणार होतो हो! उद्यापासून हाच ठेवा. कायम. फक्त जरा हळू."

"तेवढं नाही जमायचं," आत्या म्हणाली. "हवं तर खोकला बंद करते."