टाकीतले तीन तांबे

ही वही कधी कुणाच्या हातात पडलीच, तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून धड कळत नाही आणि अक्षर असं, की मलाच दुसऱ्या दिवशी दोनदा वाचावं लागतं. वही क्लिनिकमधली जुनी अपॉइंटमेंटची आहे. पानाच्या डाव्या बाजूला सकाळी आठपासूनच्या वेळा छापल्या आहेत, त्यांच्यावरूनच लिहिते. चार माणसांत मला बोलता येत नाही. लिहिताना कुणी बघत नसतं.

मुलुंडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. पाच बेड, मध्ये हिरवे पडदे. मी तिथली मावशी. चादरी बदलणं, टॉवेल धुणं, म्हाताऱ्या माणसांना बेडवर चढवणं-उतरवणं आणि शेकायचे पॅक काढून देणं, हे माझं काम. पंधरा वर्षं झाली. क्लिनिक ज्यांचं आहे त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात.

नवीन कुणी कामाला आलं की मोठ्या मॅडमची एक पद्धत आहे. पहिल्या दिवशी काम करायचं नाही, पेशंट व्हायचं. बेडवर झोपायचं, शेक घ्यायचा, करंट लावून घ्यायचा, कंबरेला पट्टे बांधून वजन लावून घ्यायचं. मॅडम म्हणतात, "आपल्या अंगाला काय होतं ते कळल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही." आणि नव्या माणसाला शेक मी द्यायचा. बाकी मशीन कुठे आहेत, टॉवेल कुठे ठेवतात, कुठल्या पेशंटला आधार लागतो, हेही मीच दाखवायचं. पंधरा वर्षांत किती डॉक्टर आले आणि गेले, त्या सगळ्यांना पहिला शेक माझ्या हातचा.

दाखवायचं म्हणजे मी खरंच नुसतं दाखवायचे, बोलायचे नाही. ते विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचे. शिकलेल्या माणसांना आपण होऊन काही सांगायला मला लाज वाटायची.

गेल्या वर्षी एक नवी डॉक्टर आली. चेंबूरहून यायची. कॉलेज नुकतंच संपलेलं, आणि बोलणं एवढं भराभर की मला अर्धं नंतर कळायचं. पहिल्या दिवशी तिच्या पाठीवर पॅक ठेवला तर म्हणाली, "आई गं, काय झकास वाटतंय. मावशी, मला इथेच राहू द्या. पेशंट तुम्ही बघा."

मी हसले आणि पडदा ओढला.

"तुम्ही बोलत नाही का?" पडद्याआडून आवाज.

"बोलते ना, डॉक्टर."

"डॉक्टर काय! तुमच्या मुलीएवढी असेन मी. अगं-तुगं करा."

ते मला जमलं नाही. मी तिला कित्येक दिवस डॉक्टरच म्हणत होते.

तिला ही नोकरी टिकवायचीच होती. त्याआधी दोन ठिकाणी तिला अनुभव नाही म्हणून परत पाठवलं होतं. मोठ्या मॅडमनी तिला तीन महिने बघून मग कायम करू, असं सांगितलं होतं. डबा खाताना ती मला म्हणाली होती, "इथून पण काढलं ना मावशी, तर माझी वाट लागली. घरी सगळे म्हणतायत, दुसरा काहीतरी कोर्स कर."

आमच्याकडे एक काका यायचे. मिल बंद झाल्यावर बरीच वर्षं वॉचमनचं काम केलेले, मूळचे मालवणकडचे. गुडघे गेलेले आणि साखर जुनी. साखरेमुळे त्यांच्या पायांना गरम-गार नीट कळत नाही. नव्या डॉक्टरने त्यांच्या गुडघ्यावर पॅक ठेवला आणि विचारलं, "काका, जास्त गरम नाही ना?"

"माका कायएक लागणा नाय गो. आणखी गरम असला तरी चलात," काका म्हणाले.

ती दुसऱ्या बेडकडे वळली, तशी मी पॅकखाली आणखी दोन टॉवेल सरकवले आणि माझ्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी तिने मला पकडलं. सगळ्यांसमोर नाही, टॉवेलच्या कपाटाशी.

"मावशी, माझ्या मागून टॉवेल का घालता?"

मी हातातल्या टॉवेलची घडी घातली. मग सांगितलं, की काकांना चटका कळत नाही. मागे एकदा पायाला फोड आला होता, तोही त्यांनी स्वतः नाही, त्यांच्या सुनेने पाहिला.

तिचा चेहरा उतरला. "हे मला कॉलेजात शिकवलंय हो. साखर असली तर आधी तपासायचं असतं. मी विसरले. तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या."

"शिकले म्हणून काय! तुम्ही गुपचूप नीट करत राहिलात, तर मला वाटणार माझंच बरोबर आहे. आणि तुम्ही नसाल त्या दिवशी?"

मी हो म्हटलं. मला ते पटलंही. पण माझी सवय काही सुटली नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शेकायचे पॅक म्हणजे जाड कापडाच्या पिशव्या, आत मातीसारखी पूड. गरम पाण्यात बुडवून ठेवल्या की पाणी पिऊन फुगतात आणि बराच वेळ गरम राहतात. त्यासाठी कोपऱ्यात विजेवर तापणारी स्टीलची टाकी आहे. ती रात्रंदिवस चालू असते. पॅक उभे लावलेले, वर झाकण. त्यातलं पाणी रोज कमी होतं. थोडं वाफेने, थोडं पॅकबरोबर बाहेर येतं. मी सगळ्यांच्या आधी अर्धा तास येते. कुलूप उघडते, देवाच्या फोटोला उदबत्ती लावते आणि टाकीत तीन तांबे पाणी घालते. तांब्या माझ्या घरचा. पाणी घालून झालं की मी तो सिंकखाली ठेवून देते. बाकीचे येतात तेव्हा टाकी भरलेलीच असते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आधीच्या बाई करायच्या, त्यांचं बघून मी करते. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

नवी डॉक्टर येऊन दोन महिने झाले आणि मी पाच दिवस गावी गेले. भाचीचा साखरपुडा होता. जाण्याआधी तिला सगळं दाखवलं. धुतलेले टॉवेल, चादरी, चाव्या, काकांचे जास्तीचे दोन टॉवेल. टाकीचं सांगायचं मनातसुद्धा आलं नाही. खोटं लिहीत नाही, खरंच आलं नाही. मी रोज श्वास घेते तसंच ते.

परत आले तर टाकी मोरीत उलटी पडलेली. आतून काळी. पॅक कोरडे, दोन फाटून पूड बाहेर आलेली. नवी डॉक्टर एका बाईंच्या खांद्याचा व्यायाम घेत होती. माझ्याकडे बघून हसली नाही. डोळे सुजलेले.

रिसेप्शनवरच्या मुलीने मला सांगितलं. चौथ्या दिवशी पॅक कोमट लागायला लागले. नव्या डॉक्टरला वाटलं, गरम कमी होतंय. तिने न विचारता टाकीचं बटण वाढवलं. पाचव्या दिवशी जळका वास आला आणि क्लिनिकचे दिवे गेले. दुरुस्ती आणि नवे पॅक धरून नऊ हजार. मोठ्या मॅडम तिला म्हणाल्या, "विचारून हात लावायचा असतो. आज टाकी आहे, उद्या पेशंट असेल. पैसे तू भर, आणि महिना संपला की दुसरीकडे बघ." तिने तिथेच मोबाईलवरून मेकॅनिकला पैसे दिले होते.

मी पदर खोचून टाकी घासायला बसले. काळं निघेना. बोलायचं म्हणजे मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये जायचं. पंधरा वर्षांत मी तिथे झाडायला आणि चहा द्यायलाच गेले होते.

दुपारी एकला क्लिनिक बंद होतं आणि चारला उघडतं. मॅडम केबिनमध्ये डबा खात होत्या. मी दारात उभी राहिले.

"काय मावशी? साखरपुडा झाला ना नीट?"

"मॅडम, टाकीत पाणी नव्हतं."

"म्हणजे?"

"रोज तीन तांबे घालावे लागतात. सकाळी मी घालते. नव्या डॉक्टरांना मी सांगितलं नव्हतं. त्यांची चूक नाही."

मॅडमनी चमचा ठेवला. "रोज? पंधरा वर्षं?"

"हो."

"आणि मला वाटायचं, मेकॅनिक येतो तेव्हा भरून जातो." मग हसल्या, पण ते हसू माझ्यावर नव्हतं. "माझं क्लिनिक, आणि मलाच माहीत नाही. पण बटण तिने विचारल्याशिवाय वाढवलं, ते मला चालणार नाही."

"विचारणार कुणाला? मी गावी. तुम्ही पेशंटकडे."

एवढं मी कसं बोलले, मला माहीत नाही.

मॅडमनी तिला आत बोलावलं. म्हणाल्या, नोकरी राहील. नऊ हजारांतले अर्धे क्लिनिकचे, ते त्यांनी लगेच परत दिले. अर्धे तिचे, बटणाचे. ती "थँक्यू मॅडम, थँक्यू" करत राहिली. मी म्हटलं, "ते अर्धे माझे. पाणी घातलेलं असतं तर बटणाला हात लागलाच नसता." मॅडम म्हणाल्या, "ते तुम्ही दोघी बघा. मला जेवू द्या."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "वेड्या आहात का मावशी? मी घेणार नाही."

"महिन्याला पाचशे देईन. नऊ महिन्यांत फिटतील."

"नाही म्हटलं ना."

"मग मला रोज तोंड दाखवू नकोस."

तिला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं. ते तिच्याही लक्षात आलं. तिने कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "बरं. घेईन. पण दर वेळी पाचशेबरोबर एक गोष्ट सांगायची. तुम्ही करता आणि कुणाला माहीत नाही, अशी."

पगार सात तारखेला होतो. पहिल्या महिन्यात पाकिटाबरोबर पाण्याचंच पुन्हा सांगितलं आणि तांब्या दाखवला. ती म्हणाली, "हे चालणार नाही, याचे नऊ हजार आधीच गेलेत." मग दुसरं सांगितलं. करंट लावायच्या आधी बायका बांगड्या, चेन काढून कुठेही ठेवतात आणि घरी गेल्यावर फोन करतात. म्हणून मी ते त्यांच्याच ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधते. त्यानंतरच्या महिन्यात सांगितलं, की म्हातारी माणसं बेडवर चढायच्या आधी मी त्यांना हळूच विचारते, बाथरूमला जायचंय का. डॉक्टरला सांगायला त्यांना लाज वाटते, आणि वीस मिनिटं ती अंग आखडून पडतात. ती म्हणाली, "आणि मी विचार करते, यांची कंबर सैल का होत नाही!"

एका महिन्यात सांगायला काहीच सापडेना. मी नुसतं पाकीट पुढे केलं. तिने घेतलं नाही. म्हणाली, "आठवा." तेव्हा तोंडातून गेलं, की ओले पॅक उचलून माझा उजवा खांदा तीन वर्षं दुखतोय. ती एकदम चिडली. "फिजिओच्या क्लिनिकमध्ये काम करता आणि तीन वर्षं! कमाल आहे तुमची." त्या दुपारी तिने मला दोन नंबरच्या बेडवर झोपवलं, खांदा तपासला आणि भिंतीवरच्या लाकडी शिडीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला. तो मी अजून करते. पॅक आता आम्ही दोघी मिळून काढतो.

आठव्या महिन्यात आणखी एक नवी डॉक्टर आली. पहिला दिवस, म्हणून ती बेडवर पालथी पडली होती. मी पॅक आणला. आमच्या डॉक्टरने मला दंडाला धरून टाकीशी उभं केलं आणि मोठ्याने म्हणाली, "शेक नंतर. आधी मावशी बोलणार." मोठ्या मॅडमही येऊन उभ्या राहिल्या. माझे कान गरम झाले होते. पण मी झाकण काढून पाणी कुठवर असायला हवं ते दाखवलं, तांब्या दाखवला, किती घालायचे ते सांगितलं. काकांच्या टॉवेलचंही सांगितलं. नव्या मुलीने मोबाईलवर फोटो काढला. मॅडम म्हणाल्या, "तांब्या सिंकखाली नको. टाकीजवळ खिळा ठोका, सगळ्यांना दिसेल असा." आता तो तिथे टांगलेला असतो. कधी कधी मी येण्याआधीच कुणीतरी पाणी घातलेलं असतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मला जरा चुकल्यासारखं वाटलं.

काल सात तारीख होती. नववं पाकीट. क्लिनिक दुपारी बंद झाल्यावर मी तिला दिलं.

"शेवटचं. बोला, आज काय?"

"मी वहीत लिहिते," मी म्हटलं.

"काय लिहिता?"

"हेच. इथलं."

"माझ्याबद्दल पण? बघू."

"नाही."

"निदान नाव तरी नीट लिहिलंय ना माझं?"

"नाव लिहिलेलंच नाही. कुणाचंच नाही."

ती हसत सुटली. "तुम्ही पण ना मावशी!" मग पाकीट उघडून नोट बघितली, पर्समध्ये ठेवली आणि मोबाईलमधली माझ्या हप्त्यांची यादी काढून मला दाखवली. नऊ ओळी होत्या, आठांपुढे खुणा. नवव्या ओळीपुढे तिने माझ्यासमोर खूण केली. साडेचार हजार पुरे फिटले.