मच्छिंद्रची साक्ष

जळकोटच्या पुढं, हमरस्ता सोडून आत असलेल्या आमच्या गावात मच्छिंद्रसारखा बोलका माणूस दुसरा नव्हता. फौजेत गेला तरी त्याच्या जिभेला शिस्त काही लागली नाही. सुट्टीवर आला की बौद्धवाड्यातल्या समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक मांडायचा, आणि ऐकणारे जितके आ वासून बघत तितका त्याला चेव चढायचा. माणूस वाईट नव्हता. पण टाळी पडली की त्याला पुढचं-मागचं काही दिसत नसे.

बांगलादेशच्या लढाईत त्याच्यावर गोळी चालवायची वेळच आली नाही. लढाई संपल्यावर त्याच्या पलटणीला तिकडं उत्तरेत, शरण आलेल्या पाकिस्तानी सैनिकांच्या छावणीवर पहाऱ्याला धाडलं. पुढच्याच वर्षी आपल्याकडं दुष्काळ पडला. दिवाळीच्या सुमारास मच्छिंद्र घरी आला तेव्हा सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. आईला भेटायला तो तिथं गेला आणि मथुरामावशीनं त्याला गाठलं.

मथुराबाई ही सिद्धेश्वरची आई. मच्छिंद्र आणि सिद्धेश्वर जोडीनं भरतीला गेलेले. सिद्धेश्वर पश्चिमेच्या सरहद्दीवर होता आणि लढाईत बेपत्ता झाला. सरकारनं एवढंच कळवलं. मेला म्हणत नव्हतं, जिवंत आहे असंही म्हणत नव्हतं. मथुराबाईनं मात्र ठरवून टाकलं होतं, की पोरगा पाकिस्तानच्या छावणीत आहे. सून चांगुणाच्या कपाळाचं कुंकू तिनं कुणाला पुसू दिलं नव्हतं.

हातोडा खाली ठेवून मथुराबाईनं विचारलं, "मच्छिंद्रा, तुमी त्या कैद्यास्नी खायाला काय देता रं?"

"आमाला मिळतं तेच, मावशी. डाळ, रोटी, भात. ईदला मटन बी दिलं."

"मारता का?"

"छ्या! एकाची दाढ सुजली तर डाक्टर बोलवला. घरला पत्रं लिवत्यात. हात लावायचा न्हाय, आसा हुकूमच हाय."

मथुराबाईचा जीव भांड्यात पडला. तिच्या लेखी पेरावं तसं उगवतं. आपण त्यांची पोरं जशी ठेवू, तसाच ते आपला पोरगा ठेवणार. दुसऱ्या दिवशी ती फडक्यात बांधून शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. घरात रेशनच्या लाल मिलोची भाकरी कोरडी खायची पाळी, आणि ही बाई दुश्मनाला चटणी धाडत होती! "त्या दाढवाल्याला दे. बारीक कुटलीया. म्हणावं, एका माईनं दिलीया." मच्छिंद्र हसला, पण चटणी त्यानं ट्रंकेत नीट ठेवली.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या निवडणुकीची सभा होती. नानासाहेब चेअरमन. त्यांना प्यायच्या पाण्याचं विचारलं की ते थेट सरहद्दीवर जाऊन पोचायचे. मारुतीच्या पारावर उभं राहून ते गरजले, "आपल्या सिद्धेश्वरच्या रक्ताचा बदला आपण घेतोय! ते सैनिक न्हाईत, साप हाईत साप! सापाला दूध पाजायचं का चाबकानं सोलायचं?" माणसाला एकदा साप म्हटलं की निम्मं काम तिथंच होतं. टँकर का येत नाही हे विचारायला आलेली माणसंही टाळ्या पिटू लागली.

आणि नानासाहेबांनी हाक मारली, "मच्छिंद्रराव, वर या."

मच्छिंद्रच्या बापानं उभ्या जन्मात त्या पाराला हात लावला नव्हता. आज्यानं तर तिथून जाताना सावलीसुद्धा आवरली होती. त्या पारावर आज त्याला मानानं बोलावत होते, वर 'राव' लावून. समोर सगळं गाव माना वर करून बघत होतं.

"सांगा गावाला, कसं ठेवता त्यांना?"

"उपाशी ठिवतो," मच्छिंद्र म्हणाला. टाळी पडली. "आन रोज सकाळी उलटं टांगून हाणतो!" मग तर टाळ्या थांबेचनात.

त्या थांबल्या तेव्हा बायकांच्या घोळक्यात त्याला मथुराबाई दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती.

सकाळी तो धावत तिच्या घरी गेला. उंबऱ्याशी बांगड्यांचे तुकडे पडले होते आणि चांगुणाचं कपाळ मोकळं होतं.

"मावशी, म्या खोटं बोललो."

"माझ्यापशी बोललास ते खोटं," मथुराबाई शांतपणे म्हणाली. "म्हातारीचं मन राखलंस. सगळ्या गावापुढं कोण खोटं बोलंल?"

महिन्याभरात कैद्यांची अदलाबदल झाली. सिद्धेश्वर आला नाही. पारावरचं बोलणं गावाची शीवसुद्धा ओलांडून गेलं नव्हतं, सरहद्द तर लांबच. हे मच्छिंद्रला कळत होतं. पण कळून काय उपयोग? ओट्यावरची त्याची बैठक बंद पडली. पुढं पेन्शनीत आल्यावर तो सहकारी साखर कारखान्यावर वॉचमन झाला, तोही नानासाहेबांच्याच शब्दावर. मथुराबाईच्या घरचं पाणी मात्र तो भरत राहिला. तिनं त्याला कधी नको म्हटलं नाही, की बस म्हटलं नाही.

ऐंशी साल उलटून गेल्यावर ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं त्याला बोलावून घेतलं.

"मच्छिंद्रा, माझं आता काय ऱ्हायलंय? खरं सांग. मारत हुतास का त्यास्नी?"

या प्रश्नाची वाट बघत त्यानं इतकी वर्षं काढली होती. त्याला रडू आवरेना. "न्हाय मावशी. लेकराची शपथ. एकाला बी बोट लावलं न्हाय. पोटभर खाऊ घातलं, धडधाकट घरला धाडलं."

मथुराबाईनं आढ्याकडं बघत विचारलं,

"आपण त्यांची लेकरं एवढी संभाळली. मग माझा सिदू का आला न्हाय रं?"

सासूचे पाय चेपणाऱ्या चांगुणाचे हात थांबले. म्हातारी उत्तरासाठी त्याच्याकडं बघत होती, आणि असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं, जे मुलगा गेला तेव्हासुद्धा नव्हतं. एवढी वर्षं तिच्यापाशी निदान कारण होतं. तेही त्यानं आता काढून घेतलं होतं.

त्यानं डोळे पुसले.

"मारलं, मावशी," तो म्हणाला. "तुमी दुखणाईत, म्हणून लपवलं. लई मारलं. म्याच मारलं."

"तरीच," मथुराबाई म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून तिनं डोळे मिटले.