मोरसोंडेची वाट आणि भागूजी आबा

भागूजी आबा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. रविवारी मळवली स्टेशनावर उतरलेले पर्यटक भाजे गावच्या लेण्यांकडे निघाले, की आबा माझ्या कणसांच्या गाडीशेजारच्या दगडावर बसून त्यांच्या चपला-बुटांची पाहणी करायचे. "बाळ्या, ती निळ्या पिशवीवाली बग. चढंल नीट, उतरताना बसंल खाली." तास-दीड तासाने ती बाई मागची धूळ झाडत परत यायची. मी विचारायचो, "आबा, तुमाला कसं कळतं?" ते म्हणायचे, "टाच टेकवीत न्हाई ती. तोंड काय, कसंबी हासतं. टाचंला खोटं बोलता येत न्हाई."

आता माझ्या दुकानावर 'बाळासाहेब' अशी हातभर पाटी आहे. आबांनी मात्र मला शेवटपर्यंत बाळ्याच म्हटलं. हे लिहायला बसलो ते मन शांत झालं म्हणून नाही, राग अजून उतरत नाही म्हणून. मोरसोंडेवरच्या रिसॉर्टवाल्यांनी तिथला इतिहास भिंतीवर लिहून ठेवला आहे आणि त्यात आबा नाहीत. मग कुणीतरी लिहायलाच हवं.

मोरसोंड म्हणजे आमच्या वाडीच्या मागे पठारावरून खाली उतरलेली डोंगराची सोंड. झाड नाही, दगड नाही, सगळं गवत. कार्तिकात गवत कापलं की बाकीचे लोक भारे डोक्यावरून आणायचे. आबा ऐनाची दुबेळक्याची, म्हणजे दोन फाट्यांची, फांदी आडवी टाकायचे, तिच्यावर दोन भारे बांधायचे, वर स्वतः बसायचे आणि सोंडेवरून सुसाट खाली यायचे. वाडीच्या बांधाला आता धडकणार असं वाटत असतानाच दोन्ही टाचा रोवायचे, की भारा बांधापासून हातभर अंतरावर उभा. एकदाही चुकले नाहीत. वाडीतल्या कुसुममावशी त्यांना म्हणायच्या, "आबा, म्हातारपणी कंबर मोडून घ्याल." आबा म्हणायचे, "कंबर मोडंल, पर भारा न्हाई सुटायचा."

तो भारा थांबताना शेठनी पाहिला आणि तिथून सगळं सुरू झालं.

शेठ मुंबईचे. खंडाळ्यात बंगला, परदेशात बर्फावरून घसरायला जाणारे. माझ्याकडे तेव्हा जीप होती, ती घेऊन ते डोंगर बघत हिंडत होते. आबा भाऱ्यावरून खाली आले तसा शेठनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "यासाठी मी विमानाने जातो." पुढच्या महिन्यात ते जमीन भाड्याने मागायला आले. सात घरांची मिळून सोंड. बोलणी करायला वाडीने मला पुढे केलं, कारण बाजारात घासाघीस करताना माझ्यासमोर उभं राहायला भलेभले कंटाळायचे.

मी शेठना सकाळपासून दुपारपर्यंत बसवून ठेवलं. तीनदा उठून निघालो, तीनदा त्यांनी परत बोलावलं. दर माझ्या मनासारखा झाला. घरटी एक नोकरी लिहून घेतली. पार्किंगचं कंत्राट मला, तेही लिहून घेतलं. सह्या व्हायच्या आधी कोपऱ्यात बसलेले आबा म्हणाले, "बाळ्या, वाटंचं लिव्हून घे."

वाट म्हणजे सोंडेवरून पठारावर जाणारी पायवाट. वर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, वाडीची गुरं उन्हाळाभर तिथेच पितात. मी हसलो. "आबा, वाट काय कुणी खिशात घालून नेतंय?" शेठही हसले. म्हणाले, "बाबा, वाट तुमचीच आहे." आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेठच्या बुटांकडे पाहिलं. मी तेव्हा घाईत होतो. दर मिळाला होता ना.

पहिल्या वर्षी चार तंबू आणि लाकडी घसरगाड्या. पर्यटकांना थांबायला शिकवायचं काम आबांकडे, लाल जॅकेट घालून. पुण्या-मुंबईची शिकलेली माणसं त्यांच्यासमोर शाळेतल्यासारखी ओळीने उभी राहायची. "पळायचं समद्यांना येतं," आबा सांगायचे, "थांबायचं कवा ते ज्याला कळलं त्योच खाली धड पोचतो." पुढे सोंडेवर ब्रशासारख्या प्लास्टिकच्या चटया अंथरल्या, त्यांच्यावर पाणी मारून, पायांना बांधलेल्या लांब पट्ट्यांवर उभं राहून घसरायची सोय झाली. मग वर नेणाऱ्या लोंबत्या खुर्च्या आल्या. मग हॉटेल, आणि शेवटी बर्फघर. गोदामाएवढी बंद खोली, आत यंत्राचा बर्फ. मे महिन्यात लोणावळ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची आणि कुसुममावशी माकडटोपी घालून आत जॅकेटं वाटायच्या. बाहेर आल्या की पदराने वारा घेत म्हणायच्या, "दिवसातनं चार वेळा हिवाळा लागतो बया मला."

आबांनी पहिल्यांदा तो बर्फ मुठीत घेतला आणि म्हणाले, "ह्या तर गाराच की रं. आभाळातनं पडल्या तर आपण पत्र्याखाली पळतो, आन हितं तिकीट काढून आत जात्यात." मी खूप हसलो. तेव्हा मीही तिथल्या पार्किंगच्या पैशावरच मोठा होत होतो. ते लपवायचं कारण नाही.

शेठ थकले, कारभार मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने स्वागतकक्षात 'आमचा प्रवास' म्हणून भिंत सजवली. तिच्यावर लिहिलं की हा डोंगर ओसाड होता आणि शेठनी तो शोधून काढला. खाली घसरगाडीवर बसून हसणाऱ्या शेठचा मोठा फोटो. त्यांच्या मागे अर्धवट कापलेला एक माणूस. आमची गुरं चरत होती, आमच्या सात घरांचे सातबारे होते, आणि डोंगर म्हणे ओसाड. मी तिथेच मॅनेजरला चार माणसांत नको ते बोललो. आबा शांतपणे फोटोजवळ गेले, खाली वाकले आणि म्हणाले, "उगा वरडतोस. बग, तोंड शेटचं हाय, पर टाचा माज्याच हायत."

खरंच होत्या. दोन भेगाळलेल्या टाचा मातीत रोवलेल्या. शेठ हसत होते, गाडी आबांनी धरली होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाट गेली. कुंपण झालं, फाटक झालं, फाटकावर तिकीट. मॅनेजर म्हणाला, सुरक्षेचा प्रश्न आहे, लोंबत्या खुर्च्यांखालून गुरं नेता येणार नाहीत. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, शेठनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. त्याने करारनामा माझ्यासमोर सरकवला. आवाजही चढवला नाही. "बाळासाहेब, कुठं लिहिलंय तेवढं दाखवा." पार्किंगचं कलम होतं, नोकऱ्यांचं होतं. दोन्ही मीच सांगून घालून घेतलेली. वाटेचं नव्हतं. त्या दिवसापासून वाडीची गुरं पलीकडच्या धारेने दोन तासांचा वळसा घालून पाण्यावर जातात.

आबांनी त्याच दिवशी लाल जॅकेट घडी करून परत दिलं. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आजही मला त्याचा राग येतो.

दर चैत्रात टाक्यातला गाळ आबा काढायचे. सोबत चार माणसं असायची, पण टाक्यात आधी आबा उतरणार. पुढच्या चैत्रापर्यंत त्यांची छाती भरून यायला लागली होती. पलीकडची धार चढणं त्यांना शक्य नव्हतं, मोरसोंडेवरून मात्र बसत-उठत गेले असते. मला म्हणाले, "एकडाव वर जायाचंय. गाळ काडला न्हाई तर पानी नासंल." मी म्हणालो, "चला, मी तिकीट काढतो." ते म्हणाले, "मंग न्हाई जायाचं. मी तिकीट काडलं, की वाट त्येंची झाली."

आता मी काय करावं? मला एकच विद्या येते, ती मी वापरली. मॅनेजरकडे जाऊन बसलो. त्याने निम्मं तिकीट सांगितलं, मी उठलो. त्याने पुन्हा बसवलं. चहा आला, मी घेतला नाही. शेवटी त्याने आबांच्या नावाचा कायमचा मोफत पास काढून दिला, वर त्यांचा फोटो, गळ्यात घालायची निळी दोरी. कुणाला फुकट न मिळालेली गोष्ट मी फुकट आणली होती. वाडीत शिरताना माझी छाती फुगलेली होती.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पास उलटा-पालटा करून पाहिला. "किती पडलं?"

"काय न्हाई. फुकाट."

"फुकाट झालं तरी तिकीटच ना रं त्ये," आबा म्हणाले आणि पास माझ्या हातात परत ठेवला. मग माझ्या पायांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या पायांबद्दल ते कधी काही बोलले नव्हते. म्हणाले, "बाळ्या, तू बी टाच टेकवीत न्हाईस. समोरचा जरा मागं सरला, की तुला वाटतं आपुन जिकलो."

आबा वर गेले नाहीत. त्या चैत्रात टाकं कुणीच उपसलं नाही. भाद्रपदात आबा गेले. रिसॉर्टने मोठा हार पाठवला, त्यावर रिसॉर्टच्या नावाची पट्टी. कुसुममावशींनी पट्टी फाडून टाकली, फुलं तेवढी ठेवली.

दिवसकार्य झाल्यावर मी तहसील कचेरीतून गावचा जुना नकाशा काढला. मोरसोंडेवर पायवाटेची तुटक रेघ आहे. वाडीपासून टाक्यापर्यंत, बारीक, पण थेट पोचलेली. मी वाटेचा दावा लावला आणि पार्किंगचं कंत्राट सोडलं. रोज सकाळी फाटकावर जातो. पहारेकऱ्याला सांगतो, "तिकीट नाही, वर जायचंय." तो अडवतो. मी म्हणतो, "अडवलं असं तुझ्या वहीत लिही, खाली सही कर." वकील म्हणतात, या नोंदी उपयोगी पडतील. पडतील तेव्हा पडतील. त्या निमित्ताने रोज तिथे उभं राहायची सवय लागली.

गेल्या आठवड्यात मॅनेजर स्वतः दुकानात आला. सोबत मिठाईचा पुडा. सगळ्या वाडीला कायमचे पास देतो, म्हणाला, गुरांसाठी खाली पाण्याची टाकी बांधून देतो, भिंतीवर आबांचा वेगळा फोटो लावतो, फक्त दावा काढून घ्या. मी काही बोललो नाही तसा तो आपणहूनच वाढवत गेला. पार्किंग परत तुम्हाला. हॉटेलला भाजी तुमची. एकेकाळी यातल्या प्रत्येक शब्दावर मी त्याला आणखी चढवलं असतं. जिभेवर आकडे आलेही होते.

मी खाली पाहिलं. त्याचे बूट नवे होते. बोलताना तो सारखा चवड्यांवर उचलला जात होता. मग मी माझे पाय पाहिले. चपला काढून ठेवल्या आणि दोन्ही टाचा फरशीवर नीट टेकवल्या.

"वाट," मी म्हणालो. "लिहून."